पाहुण्याला जिन्यापर्यंत

कांदिदामावशीसमोर हात पुढे करायची सोय नव्हती. हात हातात आला की ती आधी माप सांगायची, मग ख्यालीखुशाली विचारायची. "पावणेसात. करंगळी जरा आखूड. आई बरी आहे ना गं?" सानिता या आमच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीत पूर्वी घरोघर बायका कातडी हातमोजे शिवायच्या. आता मावशी आणि तिचं मशीन, एवढंच उरलं होतं. संध्याकाळी मशीन थांबलं की आख्ख्या जिन्याला कळायचं, मावशीने चुलीवर कॉफी ठेवली.

लग्न तिने केलं नाही. धाकटा भाऊ आस्प्रेनो तिच्याकडेच राहायचा. तो शहरबसचा ड्रायव्हर, स्टेडियमच्या मार्गावरचा. जन्मभर त्याने लोकांना मॅचला सोडलं आणि मॅच संपेपर्यंत बाहेर गाडीत बसून नुसता आवाज ऐकला. आवाजावरून गोल कुणाचा ते सांगायचा. कधी चुकला नाही. एक मात्र त्याचा हट्ट होता. घरी कुणीही आलं, अगदी गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असला, तरी निघताना त्याला खालच्या फाटकापर्यंत सोडायला तो स्वतः जायचा. "माणसाला मधल्या थांब्यावर उतरवायचं नसतं," म्हणायचा.

तर त्या हिवाळ्यात आस्प्रेनोमामाच्या हृदयाने राम म्हणायची तयारी केली. डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत आले, तपासलं, आणि दाराबाहेर मावशीला म्हणाले, "ईस्टरची खात्री देत नाही मी." दार उघडंच होतं. आतून मामाचा आवाज आला, "डॉक्टर, ईस्टर जाऊ दे खड्ड्यात. आपला संघ बाद फेरीत पोचलाय! तो स्पर्धेत आहे तोवर मी कुठे जात नाही."

डॉक्टर हसले. मावशी हसली नाही. तिने ते वाक्य उचललं आणि पदराला गाठ मारावी तसं ठेवून दिलं.

आमच्या चर्चखालच्या तळघरात जुन्या रोगराईत मेलेल्यांची हाडं आहेत. रचून ठेवलेली, बिननावाची. त्यातली एखादी कवटी निवडायची, पुसायची, उशी द्यायची, पेटी द्यायची, दर सोमवारी दिवा लावायचा. बदल्यात मागायचं. त्या बिचाऱ्यांना तिकडे, स्वर्गाच्या अलीकडे, पापं जाळणाऱ्या शुद्धीच्या आगीत नुसती तहान तहान होते, म्हणून आपण प्रार्थनेचा गारवा द्यायचा आणि त्यांनी आपलं काम करायचं. काम झालं तर संगमरवरी पेटी. नाही झालं तर सरळ पाठ फिरवायची आणि दुसरी निवडायची. पाद्रीबाबांना हे पसंत नाही. पण पाद्रीबाबा सोमवारी दुपारी झोपतात.

मावशीची कवटी डाव्या कोपऱ्यातली. उशी मऊ कोकराच्या कातड्याची, तिनेच शिवलेली. बाकीच्या बायकांनी आपापल्या कवट्यांना नावं ठेवली होती. मावशीने नाही. "नाव दिलं की घरचा होतो," म्हणायची, "मग मागायची लाज वाटते."

त्या सोमवारी मी तिच्याबरोबर होते. शेजारच्याच दाराची मी, ब्रिजिदा. पायऱ्या निसरड्या म्हणून तिला हात द्यायला गेले होते. तिने दिवा लावला आणि भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलायला लागली.

"हे बघ, इतकी वर्षं मी दुसऱ्यांसाठी मागितलं. तितीनाच्या पोरीचं लग्न केलंस, सोस्सिओला नोकरी दिलीस. आता माझ्यासाठी. संघ जिंकत राहू दे. तो जिंकत राहील तोवर माझा भाऊ राहील, त्याने स्वतः सांगितलंय. तुला फुटबॉल कळतो की नाही, देव जाणे." मग जरा थांबून, उगाच माणुसकी म्हणून, म्हणाली, "नसेल कळत तर घरीच ये ना बघायला. खुर्ची ठेवते."

मी खुदकन हसले. तळघरात हसू फार वेळ घुमतं. माझं मलाच ते मागून कुणीतरी हसल्यासारखं ऐकू आलं.

बाहेरगावचे सामने पुरुषमंडळी खाली कॅफेत बघायची. घरचा परतीचा सामना मात्र मावशीकडे, मामाच्या खोलीत. दर फेरीला दोन सामने, एक त्यांच्या गावी, एक आपल्या, आणि गोलांची बेरीज. पहिल्या फेरीत लिस्बनला आम्ही एका गोलने हरून आलो होतो. खोलीत आम्ही तेवढेच. पलंगावर मामा, नाकात नळी. पायथ्याशी माझे पप्पा सोस्सिओ, गरम होतं म्हणून बनियनवर. दाराशी समोरची दोन्ना तितीना, जिच्या आवाजाने टीव्हीचा आवाज वाढवायला लागायचा. मी खिडकीत. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि दार वाजलं.

मावशीने उघडलं. तपकिरी कोट, गळ्यापर्यंत बटणं. वसंतात! माणूस उंच, बारीक. चेहरा... चेहऱ्याचं मला आजही सांगता येत नाही. समोर असताना ओळखीचा वाटायचा आणि मान वळवली की पुसला जायचा.

"या, या, लवकर या, कॉर्नर मिळालाय!" पप्पा न बघताच ओरडले.

तो पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसला. तितीनाने ताराल्लींची, खारट कडबोळ्यांची, बशी पुढे केली. त्याने मान हलवली. "पाणी असेल तर. गार." एक पेला झाला, दुसरा झाला, मग मावशीने जगच आणून ठेवला. आम्ही दोन गोल मारले. तितीना रडली, पप्पांनी उशीचा मुका घेतला. गडबडीत तो माणूस उठला. मामाने उशीवरून जेमतेम हात वर केला. "माफ करा हं. पाहुण्याला खाली सोडायला जायची माझी रीत आहे. आज पाय नाहीत. पुढच्या वेळी नक्की."

"पुढच्या वेळी," तो म्हणाला आणि गेला.

"कोण होते हो ते?" तितीनाने विचारलं.

"मला काय विचारतेस? तुझा मेहुणा ना?" पप्पा म्हणाले.

"माझा मेहुणा? माझा मेहुणा नुसतं पाणी पिऊन जाईल? फ्रीज पुसून गेला असता तो! मला वाटलं आस्प्रेनोच्या डेपोतला कुणी."

"डेपोत असली शिस्तीची माणसं असती तर बस वेळेवर आल्या असत्या," पलंगावरून मामा.

मग एकच गोष्ट सगळ्यांच्या एकदम लक्षात आली. आमच्याकडे नियम आहे. जिंकलो त्या दिवशी जे होतं ते पुढच्या वेळीही तसंच असलं पाहिजे. तीच खुर्ची, तेच कपडे, तीच माणसं.

"शोधा त्याला!" पप्पा ओरडले. "नाव काय, गल्ली कुठली? पुढच्या फेरीला तो हवाच!"

मी मावशीकडे पाहिलं. ती त्या खुर्चीची बैठक पुसत होती. फडकं पिळलं तर पाणी गळलं. खोलीत विझलेल्या मेणबत्तीचा आणि ओल्या मातीचा वास होता. तिने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

उपांत्यपूर्व फेरीपर्यंत ईस्टर होऊन गेला. डॉक्टरांनी ज्याची खात्री दिली नव्हती, त्या ईस्टरला मामाने कॅसातिएल्लो, अंडी घातलेला सणाचा पाव, मागून खाल्ला, दोनदा. परतीच्या सामन्याला आम्ही सगळे जागच्या जागी होतो. पप्पांचं बनियन लिस्बनवाल्यांना हरवल्यापासून धुतलेलं नव्हतं. आई ते चिमट्याने उचलायची. गेल्या वेळी आनंदाच्या भरात तितीनाची कॉफी जळली होती, म्हणून ती स्वयंपाकघरात उभी राहून मुद्दाम जाळत होती आणि पप्पा इथून ओरडत होते, "आणखी जळू दे! वास आला पाहिजे!"

पण खुर्ची रिकामी. जर्मनांनी गोल मारला. मध्यंतर झालं. कुणी कुणाकडे बघेना. आणि दार वाजलं.

"आलात!" पप्पांनी त्याला जवळजवळ ओढतच आणलं. "अहो, होतात कुठे तुम्ही? नाव तरी सांगा, फोन नंबर द्या."

"नाव कुणी दिलंच नाही," तो शांतपणे म्हणाला. पप्पांना तो विनोद वाटला.

मावशीच्या हातातला जग टेबलावर आपटला. आता ती त्याच्याकडेच बघत होती.

तो मामाकडे वाकला. बोली आमचीच, पण फार जुनी, माझी पणजी बोलायची तसली. "यातले आपले कोण?"

"निळे," मामा म्हणाला.

"आणि हे पळतायत ते कुणापासून?"

मामा इतका हसला की नळी निघाली. "कुणापासून नाही हो महाराज, चेंडूमागे! हरला तो स्पर्धेबाहेर. बाद."

"बाद झालेले कुठे जातात?"

"जातात की घरी."

"म्हणजे त्यांना घर असतं," तो म्हणाला आणि पेला रिकामा केला.

आम्ही दोन मारले, जिंकलो. तो उठला. या वेळी मामा उठून बसला, पाय पलंगाखाली सोडून. गालांवर रंग. "बघा, पाय जमिनीला लागले! पुढच्या वेळी फाटकापर्यंत येतो, शब्द."

"मी थांबेन," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात मावशीने मला कोपऱ्यात घेतलं. "ब्रिजी, मी त्याला पेला दिला. हाताला हात लागला."

"मग?"

"माप येईना गं." तिने हात एप्रनला पुसला. "कुणाच्याही हाताचं येतं मला, तान्ह्या पोराच्यासुद्धा. त्याच्या हाताला सुरुवातच नव्हती. नुसता गारवा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मामाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, काढला, झटकला, पुन्हा लावला. "हे हृदय कुणाचं आहे?" म्हणाले. मामा खोलीत चालू लागला. पलंगापासून खिडकी, खिडकीपासून दार. दाराशी थांबून जिन्याखाली बघायचा. "पायऱ्या जमतील आता," म्हणायचा. "सवय करतोय."

जिना आनंदला होता. मावशीला मात्र घास जात नव्हता. सोमवारी आम्ही तळघरात उतरलो. कवटी घामेजली होती, उशी भिजून काळी पडली होती. उशी तशीच सोडून तिने बोट दाखवलं. कवटीचं तोंड नेहमी दिव्याकडे असायचं, तिनेच तसं ठेवलेलं. आता ते जिन्याकडे होतं. वाट बघत बसलेल्या माणसासारखं.

"कळलं तुला?" मावशी कुजबुजली. "माझा भाऊ का बरा होतोय? मी मागितलं म्हणून नाही. त्याला जिना उतरता यावा म्हणून. हा पाणी प्यायला येत नाहीये, ब्रिजी. याला एकट्याने परत जायचा कंटाळा आलाय."

मी तिचा दंड धरला. "मग दार उघडू नकोस."

"खुर्ची ठेवते म्हणाले मी. आमंत्रण मागे घेता येतं होय? काम केलंय त्याने. दोनदा केलंय. काम करणाऱ्याला हाकलायचा हक्क नाही आपल्याला." ती पायरीवर बसली. बराच वेळ उशीच्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "न करणाऱ्यालाच हाकलता येतं."

उपांत्य फेरीचा पहिला सामना इंग्लंडात बरोबरीत सुटला. परतीच्या दिवशी दुपारपासून गल्लीत निळे कपडे वाळत घातलेले, एकूण एक खिडकीत. मामाने दाढी केली. ड्रायव्हरचा जुना गणवेश काढला, टाय बांधला. पलंगावर बसून पाय पुढे केले. "कांदि, बूट."

मावशी गुडघ्यावर बसली आणि तिने त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. बराच वेळ लावला. मी खिडकीत बसून बघत होते. तिच्या दातात हातमोज्यांचा मेणदोरा होता.

तो आला, बसला, पाणी मागितलं. खुर्चीखाली पाण्याचं थारोळं साठत होतं, पण टीव्हीसमोर कोण बघतो खाली? आमच्या पोरांनी गोल मारला. आख्खं शहर हललं. भिंतीवरचा मादोन्नाचा, मरियामातेचा, फोटो वाकडा झाला आणि तितीना किंचाळली, "हात लावू नका! वाकडाच राहू दे!" घड्याळ शेवटाकडे आलं. एक-शून्य. पप्पा नखं खात होते. मामाने टाय सारखा केला, पलंगाच्या कडेला सरकला. तो माणूस आता टीव्हीकडे बघतच नव्हता. मामाच्या बुटांकडे बघत होता.

आणि मावशी खोलीच्या मधोमध, टीव्हीसमोर, येऊन उभी राहिली.

तुम्हाला कसं सांगू? आमच्याकडे माणूस आईची शपथ खोटी घेईल, पण शिट्टी व्हायच्या आत ते वाक्य उच्चारणार नाही. मनातसुद्धा नाही. उच्चारलं की हातातला सामना गेलाच. मावशीने छातीवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाली:

"जिंकलो! गेलो आपण फायनलला!"

"कांदिदा!" तितीनाने तिच्या तोंडावर हात दाबला. पप्पा खाली बसले. "काय केलंस... अगं बाई, काय केलंस तू हे..."

इंग्रजांनी कॉर्नर घेतला. एक-एक. आम्ही श्वास आत घेतला, तो सोडायच्या आत दुसरा. शिट्टी. बाहेर इतकी शांतता पडली की चार गल्ल्या पलीकडचं रडणारं पोर ऐकू आलं.

तो उठला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात काही होतं, दुखल्यासारखं. "दोन्ना कांदिदा, काम तर झालं होतं."

"शिट्टी झाली तेव्हा काय होतं? दोन-एक. काम झालं नाही."

"तुम्ही बोललात म्हणून."

"बोलले. तोंड माझं, घर माझं. मी मागितलं ते तू दिलं नाहीस. आजपासून तुझं-माझं काही नाही. सोमवारी दिवा लावायला यायची नाही मी." ती दाराशी गेली आणि तिने दार सताड उघडलं.

"कांदि!" मामा भडकला. "पाहुण्याशी असं बोलतात? थांबा महाराज, लक्ष देऊ नका तिच्याकडे. मी येतो ना खाली, शब्द दिलाय." तो उठला, एक पाऊल टाकलं आणि धाडकन पलंगावर पडला. दोन्ही बूट मेणदोऱ्याने एकमेकांना बांधलेले होते. हातमोज्याचा टाका, कात्रीशिवाय सुटायचा नाही.

मामाने आधी बुटांकडे बघितलं, मग बहिणीकडे. तो माणूसही बघत होता. मग कोट सावरून तो निघाला. मावशीजवळून जाताना जरा थांबला. तिने मान वर केली नाही. तो जिन्यात गेला. आमचा जिना दगडी आहे, मांजर उतरलं तरी कळतं. मी कान देऊन ऐकलं. एकही पाऊल वाजलं नाही.

मावशीला गल्लीने माफ केलं नाही. पप्पा उन्हाळाभर तिच्याशी बोलले नाहीत. तितीना दारातून टोमणे मारायची, "सांग गं, लॉटरीचंही आधीच सांगून टाक!" मावशी ऐकून घ्यायची आणि मशीन चालवायची. मी खरं सांगायला गेले तर तिने डोळ्यांनी दटावलं.

मामा दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा अंथरुणाला लागला. अंजिरं बाजारात आली तेव्हा गेला, सकाळी, स्वतःच्या पलंगावर, डोकं बहिणीच्या दंडावर. आदल्या दिवशी मी तिथे होते. तो म्हणाला, "कांदि, का बोललीस गं तेव्हा?"

"तोंडातून गेलं."

"आणि बूट?"

तिने त्याचं पांघरूण सारखं केलं.

"वेडी. माझी फायनल घालवलीस." असं म्हणून त्याने तिचा हात धरला तो सोडला नाही. मावशी मला नंतर म्हणाली, "हात गरम होता, ब्रिजी. शेवटपर्यंत. साडेआठ, अंगठा रुंद."

पुढच्या वर्षी संघ पुन्हा बाद फेरीत आला. टीव्ही आता आमच्याकडे. पप्पा बोलायला लागले होते, पण मॅचच्या दिवशी मावशीला घरात घ्यायची कुणाची छाती नव्हती. ती स्वतःच म्हणाली, "मी बाहेर बसते, तुम्ही बघा." जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, बंद दाराला पाठ लावून, भावासारखी आवाजावरून गोल ओळखत.

मध्यंतरात मी तिच्यासाठी कॉफी घेऊन बाहेर गेले. ती पायरीच्या एका टोकाला अंग चोरून बसली होती. दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे, पाण्याचा पेला, अर्धा. मधली जागा मोकळी.

"मावशी!" मी कुजबुजले. "तू तर त्याला सोडलं होतंस."

"सोडलंच आहे. दिवा लावत नाही, मागत नाही, घरात घेत नाही." तिने कॉफी घेतली, फुंकर मारली. "जिना सगळ्यांचा असतो."

आत खेळ सुरू झाला. पप्पा ओरडले, दार लाव, दार लाव! मी आत वळले. दार लावता लावता मागून मावशीचा आवाज आला, हळू, जरा त्रासिक. "अरे, तिकडे नको. ती भिंतीकडची जागा माझ्या भावाची. इकडे सरक."

मॅच संपल्यावर बाहेर आले तर ती झोपायला गेली होती. पेला रिकामा होता. पायरी दोन ठिकाणी ओली होती.

एक जागा मधली. दुसरी भिंतीकडची, आणि ती हाताला गरम लागली.